इटलीत दोघांनी कसं खायचं: गावाप्रमाणे पदार्थ आणि अर्धं तुझं अर्धं माझं

इटलीहून आलेल्या कुणालाही विचारा काय खाल्लं, उत्तर येतं पिझ्झा पास्ता, आणि लगेच पुढचं वाक्य, शेवटी शेवटी कंटाळा आला बाबा तेच तेच खाऊन. आता रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान असं आठ दिवसात पळायचं आणि प्रत्येक ठिकाणी मेन चौकातल्या फोटोवाल्या मेनूसमोर बसायचं म्हटल्यावर सगळीकडे तेच मिळणार की. इटली हा एक देश झाला १८६१ साली, त्याआधी सगळी वेगवेगळी राज्यं होती, आणि जेवणाच्या बाबतीत ती अजूनही वेगळीच आहेत. बोलोन्यात अंड्याचा पास्ता आणि लोणी, खाली पुलियात रवा-पाण्याचा पास्ता आणि ऑलिव्ह ऑईल, मिलानला भात, सिसिलीच्या पालेर्मोत वांगं आणि चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या. त्यामुळे इटालियन खायला जायचं नाही, ज्या गावात आहोत त्या गावाचं खायचं, एवढं एक डोक्यात ठेवलं की निम्मं काम झालं.

आणि यासाठी दोघं असणं फार सोयीचं. एकट्याचं पोट दोन पदार्थांत भरतं, सहा जणांचा ग्रुप असला तर काय मागवायचं यावरच अर्धा तास जातो, दोघांना मात्र एका बसण्यात चार-पाच गोष्टी चाखता येतात. आमच्याकडे मी व्हेज (अंडं चालतं) आणि नवरा समोर येईल ते खाणारा, बऱ्याच मराठी घरात असंच असतं, म्हणून खाली व्हेजचं जरा जास्त लिहिलंय.

१. आधी शहरं कमी करा

आठ-दहा दिवस असतील तर दोन प्रदेश, फार तर तीन, बस्स. एका गावात तीन-चार रात्री मुक्काम करायचा आणि तिथून ट्रेनने आजूबाजूला जायचं. खाण्यासाठी म्हणून निवडायचं असेल तर माझं मत बोलोन्या. स्टेशनवरून मोदेना अर्ध्या तासावर, पार्मा साधारण तासाभरावर, फ्लोरेन्ससुद्धा फास्ट ट्रेनने पाऊण तासाच्या आत. दुसरा मुक्काम एकदम वेगळ्या चवीचा घ्या, म्हणजे नेपल्स किंवा सिसिली किंवा जेनोवा. बोलोन्यानंतर परत फ्लोरेन्स-मिलान केलंत तर पाहायला छान आहे, पण जिभेला फरक दक्षिणेत नाहीतर जेनोवाला गेल्यावरच कळतो. रीजनल ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमधे शिक्का मारून घ्यायचं असतं, नाहीतर दंड होतो आणि त्या दंडात दोघांचं मस्त जेवण झालं असतं.

टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर रात्रीचं जेवण बहुतेक इंडियनच असतं, त्याला इलाज नाही, पण दुपारचं आणि सकाळचं तुमच्या हातात असतं, तेवढं तरी सोडू नका.

२. पोटाचं घड्याळ त्यांच्या घड्याळाला लावा

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. मग किचन बंद. संध्याकाळी साडेसात-आठला उघडतं, दक्षिणेत लोक नऊला जेवायला निघतात. साडेतीनला भूक लागली आणि बाहेर पडलात तर जी दोन-चार हॉटेलं उघडी दिसतील ती नेमकी टुरिस्टांसाठीचीच असतात आणि तिथे जे मिळतं त्याच्यावरून लोक इटलीला नावं ठेवतात.

सकाळचा नाश्ता म्हणजे बारमधे उभ्याने कॉफी आणि एक गोड क्रोसाँसारखा कोर्नेत्तो. बार म्हणजे दारूचा अड्डा नव्हे, कॉफीचं दुकान. हॉटेलचा नाश्ता रूमच्या भाड्यात नसेल तर घेऊ नका, त्यापेक्षा खाली कोपऱ्यावर जा. काउंटरला उभं राहून प्यायलं तर एक भाव आणि टेबलावर बसलात तर दुसरा, मोठ्या चौकात तो दुप्पट-तिप्पटही असतो, आणि तो बोर्डावर लिहिलेला असतो, फसवाफसवी नाही. उभ्याने एस्प्रेसो साधारण सव्वा-दीड युरो. कापुचिनो सकाळचा असतो. जेवणानंतर मागितलात तरी देतात, फक्त वेटरच्या भुवया जरा वर जातात. जाऊ देत.

साडेसहा-सातच्या भुकेवर अपेरितिवो आहेच. एक ड्रिंक घ्यायचं (दारू नको असेल तर क्रोदिनो नावाचं कडसर-गोड बिनअल्कोहोलचं मिळतं) आणि त्याच्याबरोबर ऑलिव्ह, चिप्स, कधी पावाचे छोटे तुकडे येतात. तुरिन-मिलानकडे यालाच जेवण करून टाकणारी तरुण मंडळी खूप. दोघांपैकी एकाला सातलाच भूक लागते आणि दुसऱ्याला नऊला, असं असेल तर हा उपाय नामी.

३. कुठे बसायचं

दारात उभा राहून हात धरून बोलावणारा माणूस, सहा भाषांमधला मेनू, पदार्थांचे फोटो, यातलं एक जरी दिसलं तरी पुढे चालायला लागा. मेनू छोटा हवा, हाताने लिहिलेला असला तर फारच छान, आणि त्यावर त्या गावाचेच पदार्थ हवेत. व्हेनिसमधल्या मेनूवर रोमचा कार्बोनारा आणि मिलानमधल्या मेनूवर जेनोवाचा पेस्तो सगळ्यात वर असेल तर ते हॉटेल कुणासाठी आहे ते ओळखा.

ट्रात्तोरिया आणि ओस्तेरिया म्हणजे घरगुती वळणाची जागा, रिस्तोरांते जरा महाग आणि टापटीप, ताव्होला काल्दा म्हणजे तयार गरम पदार्थ काचेमागे मांडलेले, बोट दाखवायचं आणि घ्यायचं, भाषेची अडचण असलेल्यांना आणि व्हेज लोकांना हे फारच सोपं. फोर्नो म्हणजे बेकरी, तिथे पिझ्झा-फोकाच्चा वजनावर कापून देतात. आणि मेनूवर एखाद्या पदार्थापुढे छोटी चांदणी दिसली तर खाली बघा, बहुतेक वेळा त्याचा अर्थ फ्रोझन माल वापरलाय असा असतो.

चांगल्या छोट्या जागांमधे टेबलं दहा-बाराच असतात, म्हणून बुकिंग कराच, आदल्या दिवशी सुद्धा चालतं. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच ठिकाणं बंद. १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो, त्याच्या मागेपुढे दोन आठवडे निम्मी शहरं सुट्टीवर असतात, तेव्हा त्या काळात खाण्यासाठी म्हणून मोठ्या शहरात जाऊच नका.

४. दोघांत मेनू कसा वाटायचा

मेनूवर अंतिपास्ती, प्रिमी, सेकोंदी, कोन्तोर्नी, दोल्ची असे पाच भाग असतात. सुरुवातीचं, मग पास्ता-भात-सूप, मग मटण-मासे, बरोबरची भाजी, आणि गोड. सगळं मागवलंच पाहिजे असं काही नाही. आमचं ठरलेलं गणित असं, एक अंतिपास्तो मधे, दोन वेगवेगळे प्रिमी, मग एक सेकोंदो नवऱ्यासाठी आणि एक-दोन कोन्तोर्नी माझ्यासाठी, गोड एकच आणि चमचे दोन. कोन्तोर्नो वेगळा मागवावा लागतो हे लक्षात ठेवा, सेकोंदो म्हणजे ताटात नुसता मटणाचा तुकडा येतो, शेजारी भाजी-बटाटा काही नसतं, आणि आपल्याकडचे लोक बघत बसतात की बाकीचं कधी येणार.

ऑर्डर देतानाच "दिविदियामो" म्हणजे आम्ही वाटून खाणार असं सांगा. बऱ्याच ठिकाणी किचनमधूनच दोन प्लेटांत अर्धं-अर्धं करून आणतात. काही ट्रात्तोरियांत "बिस दी प्रिमी" असतं, एकाच प्लेटमधे दोन प्रकारचे पास्ते, ते दिसलं की डोळे मिटून घ्यायचं. पास्ता मात्र आल्या आल्या खायचा, निम्मा खाऊन मग प्लेटा बदलायच्या, फोटो नंतर. आणि एकच पास्ता दोघांनी मागवायचा नाही, हा नियम आमच्याकडे मोडला की भांडण होतं, म्हणजे मी करते.

मग येतात ते पदार्थ जे दोघं असल्याशिवाय मिळतच नाहीत. मेनूवर "मिनिमो दुए पेर्सोने" लिहिलेलं असतं. रिसोत्तो, म्हणजे त्यांचा दाट भात, त्यातला मुख्य, कारण तो ऑर्डर आल्यावर करायला घेतात आणि अठरा-वीस मिनिटं कुणीतरी तिथे उभं राहून हलवत बसतं, एका प्लेटसाठी ते परवडत नाही. मिलानचा केशर घातलेला पिवळा रिसोत्तो असा दोघांत घ्यायचा (व्हेज असाल तर आधी विचारा, त्यात मटणाचा स्टॉक आणि हाडातला गर असतो). फ्लोरेन्सला बिस्तेक्का अल्ला फियोरेन्तिना, बीफ खाणाऱ्यांसाठी, तीन-चार बोटं जाड, एक किलोच्या वर, आतून लालच देतात आणि वेल डन मागितलं तर नकार मिळू शकतो. ते किलोवर किंवा एत्तोवर विकतात, एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मेनूवर ६ युरो वाचून खूश व्हायचं आणि बिल ७० चं यायचं असे किस्से याच एत्तोमुळे होतात, माशांच्या बाबतीत तर हमखास. वजन आधी विचारा.

५. एक व्हेज, एक नॉनव्हेज

नुसतं "व्हेजेतारियानो" म्हणून काम भागत नाही. सूपमधे मटणाचं पाणी, भाजीत बेकनचे तुकडे, भोपळ्याच्या तळलेल्या फुलांमधे मोझ्झरेलाबरोबर एक छोटा मासा, हे त्यांच्या हिशोबात चव म्हणून असतं, मांसाहार म्हणून नाही. त्यामुळे एकेक नाव घ्यायचं. सेन्झा कार्ने, मटण नको. सेन्झा पेश्शे, मासे नकोत. सेन्झा अच्चुगे, अँचोव्ही हा छोटा खारट मासा नको. सेन्झा ब्रोदो दी कार्ने, मटणाचं पाणी नको. आणि स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी. ही बाई कुठेही लपून बसते, पियादिना नावाच्या पोळीत, मोदेनाच्या तळलेल्या न्योक्को फ्रित्तोत, नेपल्सच्या स्फोल्यातेल्लात, कान्नोलीच्या कुरकुरीत नळीतसुद्धा. पियादिना तेलातली मिळते, "अल्लोल्यो" म्हणून मागा.

चीजचं सांगायचं तर पार्मेसान म्हणजे पार्मिज्यानो रेज्जानोत वासराच्या पोटातलं रेनेट (दुधाचं चीज करायला घालतात ते) असतं, नियमानेच. पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजमधेही बहुतेक प्राण्यांचंच. हे ज्यांना चालत नाही त्यांनी निघण्यापूर्वीच घरी ठरवून ठेवा, तिथे टेबलावर वाद नको.

अंडं न खाणाऱ्यांनी दक्षिणेत जावं. उत्तरेचा ताजा पास्ता बहुतेक अंड्याचा, दक्षिणेचा ताजा पास्ता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. पाकिटातला सुका पास्ताही बहुतेक बिनअंड्याचाच. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना रोमचा काचो ए पेपे आहे, नुसतं पेकोरिनो, मिरी आणि पास्त्याचं पाणी, आणि रोमच्या चार प्रसिद्ध पास्त्यांपैकी व्हेज असा तो एकच, बाकी कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रिचा तिन्हीत डुकराच्या गालाचं मांस. बीफ टाळणाऱ्यांनी मान्झो, व्हितेल्लो हे शब्द आणि ब्रेसाओला, कार्पाच्चो ही नावं लक्षात ठेवावी. व्हेनिसकडच्या व्हेनेतोत मेनूवर काव्हाल्लो दिसलं तर तो घोडा, नवऱ्याने विचारून घेतलं आणि मग शांतपणे मासा मागवला.

६. कुठे काय

एमिलिया, म्हणजे बोलोन्या-मोदेना-पार्मा. डुकराच्या मांसासाठी जगात गाजलेला भाग, पण व्हेज माणसाचे सुद्धा इथे लाड होतात, फक्त अंडं चालायला हवं. तोर्तेल्लीनी छोटे, आत मांस, मटणाच्या सूपमधे. तोर्तेल्लोनी मोठे, आत रिकोत्ता नावाचं मऊ चीज, वरून लोणी आणि सेजची पानं. ऑर्डर देताना बोट ठेवून दाखवा. पार्माला पालेभाजी-रिकोत्ताचे तोर्तेल्ली देर्बेत्ता, फेर्राराला लाल भोपळ्याचे काप्पेल्लाच्ची. नॉनव्हेजवाल्याने ताल्यातेल्ले अल रागू घ्यावा, म्हणजे पास्त्याच्या चपट्या पट्ट्या आणि मांसाचा सॉस. स्पगेटी बोलोनीज बोलोन्यात मागू नका. इथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे १९७२ पासून ताल्यातेल्लेची रुंदीसुद्धा नोंदवून ठेवलीये, शिजल्यावर ८ मिलिमीटर, अशा लोकांशी आपण काय वाद घालणार.

पार्मा-रेज्जो-मोदेना पट्ट्यात एखादी चीज डेअरी सकाळी बघायला जाच, आधी बुकिंग करून, कारण सगळं काम सकाळीच होतं. तांब्याच्या खोल घंटेसारख्या कढयांत दूध तापवतात, दही फुटून खाली बसलं की दोघं जण लाकडी फळीने तो भलामोठा गोळा वर ओढतात, कापडात घेतात आणि सुरीने मधोमध कापून दोन करतात. एका कढईची दोन चीजं, त्यांना ते जुळी म्हणतात. एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर दूध लागतं आणि वजन भरतं चाळीसेक किलो. मग मिठाच्या पाण्यात, मग फळ्यांवर, कमीत कमी १२ महिने. शेवटी चाखायला देतात तेव्हा १२, २४ आणि ३६ महिन्यांचं शेजारी शेजारी ठेवून खा. पहिलं दुधाळ, शेवटचं कोरडं, दाताखाली कण कुरकुरणारं. मला २४ चं आवडलं, नवरा ३६ वर अडून बसला, दोन्ही घ्यावी लागली. मोदेनाला पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर माळ्यावरच्या पिपांत कमीत कमी १२ वर्षं, एक्स्ट्राव्हेक्यो असेल तर २५ वर्षं मुरतं, महाग आहे, पण चमचाभर चाखायला मिळतं आणि चीजच्या तुकड्यावर दोन थेंब घालून खाल्लंत की सॅलडवर ओततो ते काय होतं असा प्रश्न पडतो.

जेनोवा व्हेजवाल्यांचा स्वर्ग. पेस्तो, त्रोफिये किंवा त्रेनेत्ते या पास्त्यांबरोबर, आत उकडलेला बटाटा आणि फरसबी घालून, हे ऐकायला विचित्र पण करून देतात तेव्हा कळतं. आणि फारिनाता, बेसन, पाणी, ऑलिव्ह ऑईल, मीठ, बस एवढंच, लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेलं, आपल्या धिरड्याची श्रीमंत मावशी. गरमच खायची, वर मिरी. हीच गोष्ट फ्लोरेन्सच्या तोस्कानात चेचिना म्हणून मिळते आणि पालेर्मोत त्याच पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून देतात, त्या पानेल्ले, म्हणजे वडापावच्या माणसाला अगदी घरच्यासारखं.

नेपल्स. दोघांनी बसून दोन पिझ्झा घ्या, एक मार्घेरिता एक मारिनारा. मारिनारात चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, आणि मला विचाराल तर भट्टी कशी आहे ते हाच पिझ्झा सांगतो. भट्टी साडेचारशे डिग्रीच्या आसपास, दीड मिनिटाच्या आत पिझ्झा बाहेर. मधे ओलसर असतो, कच्चा नाही, काटा-सुरीने सुरुवात करायची. रस्त्यावर चौघडी घालून कागदात देतात तो पोर्ताफोल्यो, दोन युरोच्या आसपास, पुढे वाकून खायचा, नाहीतर तेल-टोमॅटो शर्टावर.

रोमला वसंतात आर्टिचोक, ज्यूंच्या जुन्या वस्तीत ते अख्खे तळून फुलासारखे उघडून देतात. फ्लोरेन्सच्या बाजूला पावात मीठ नसतं, खराब नाही, तसाच असतो, आणि शिळ्या पावाचं रिबोल्लिता नावाचं भाजी-घेवड्याचं दाट सूप थंडीत खावं. पुलियात फावे ए चिकोरिया, वाटलेल्या पावट्यासारख्या डाळीवर कडू पालेभाजी, पूर्ण व्हेज आणि स्वस्त. ओरेक्येत्ते हा तिथला पास्ता मात्र चिमे दी रापा या पालेभाजीबरोबर असेल तर त्यात अँचोव्ही आहे का विचारा. सिसिलीला उन्हाळ्यात सकाळी बदामाची किंवा तुतीची ग्रानिता, म्हणजे बर्फाळ सरबत, आणि ब्रिओश नावाचा मऊ पाव, कातानियाला पास्ता अल्ला नोर्मा, तळलेलं वांगं, टोमॅटो, खारवलेलं रिकोत्ता. तिखटाची फारच आठवण आली तर ओल्यो पिक्कान्ते मागा, मिरचीचं तेल. पिझ्झावर कुणी काही म्हणत नाही, माशाच्या पास्त्यावर चीज मागितलं तर म्हणतात.

व्हेनिसमधे बसून जेवूच नका असं मी म्हणेन. बाकारोत, म्हणजे वाईनच्या छोट्या बारमधे जायचं, काउंटरवर चिकेत्ती मांडलेले असतात, पावाच्या तुकड्यांवर काय काय, दोन-तीन घ्यायचे, छोटा ग्लास वाईन, पुढच्या बाकारोत जायचं.

७. बाजारातून घेऊन खायचं

रोज दोन वेळा हॉटेलात बसलात तर पोट आणि पैसे दोन्ही संपतात. एक वेळ बाजारातून. बोलोन्याच्या क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांमधे एकाकडून पाव, एकाकडून शंभर ग्रॅम मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं मोठं सॉसेज) पातळ कापून, एकाकडून स्क्वाक्वेरोने नावाचं पाण्यासारखं मऊ चीज, दोन टोमॅटो, आणि हे सगळं घेऊन ओस्तेरिया देल सोलेत जायचं. ही जागा १४६५ पासूनची आहे आणि तिथे खायला काहीच मिळत नाही, फक्त प्यायला. जेवण आपलं आपण आणायचं, लांब लाकडी टेबलावर कागद उघडायचा आणि बसायचं. शेजारी म्हातारी मंडळी पत्ते खेळत असतात, त्यांचाही कागद उघडलेला असतो. नवऱ्याने मोर्तादेल्लाच्या घड्या घातल्या, मी चीज पावावर थापलं, वाईनचे दोन ग्लास, दोघांचं मिळून एका साध्या पास्त्याच्या पैशात झालं. पालेर्मोचा बाल्लारो, तुरिनचा पोर्ता पालाझ्झो, रोमचा तेस्ताच्चो, हे बाजारही असेच वापरता येतात. फळांना स्वतः हात लावायचा नाही, दुकानदार देतो.

८. पाणी, बिल वगैरे

पाणी बाटलीतलंच आणतात, नातुराले साधं, फ्रिझ्झान्ते सोडावालं. रोममधे रस्त्यावर नासोनी नावाचे नळ अखंड वाहत असतात, ते पाणी पिण्याचं आहे, बाटली भरत राहा. वाईन घेत असाल तर हाऊस वाईनचा अर्धा लिटर दोघांना पुरतो, पाव लिटरही मिळतो, पूर्ण बाटली घ्यायची गरज नाही.

बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दीड ते तीन युरो लागतात, पाव आणि टेबलाचे, ते तुम्ही पाव खा किंवा खाऊ नका. मेनूवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्यावरून भांडू नका. टीप द्यायलाच हवी असं नाही, सुटे ठेवले तर आवडतं. आणि बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही, तासभर बसलात तरी नाही, ते दुर्लक्ष नसतं, उठा असं सुचवणं तिथे वाईट दिसतं. "इल कोन्तो, पेर फावोरे" म्हणा, किंवा सरळ काउंटरवर जाऊन द्या, छोट्या जागांत सगळे तेच करतात. तिथे मालक कधीकधी दोन छोट्या ग्लासात आमारो किंवा लिमोंचेल्लो, म्हणजे कडू किंवा लिंबाची दारू, पुढे सरकवतो, त्याचे पैसे सहसा नसतात. कडू वाटलं तर नवऱ्याकडे सरकवा.